कंटेनरचे चेकपॉइंट-रिस्टोअर आणि बाह्य संसाधने : एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

चालू प्रोग्रॅम एका क्षणी गोठवून त्याची संपूर्ण अवस्था फाइलींमध्ये उतरवणे म्हणजे चेकपॉइंट. त्या फाइलींवरून तोच प्रोग्रॅम त्याच क्षणापासून पुढे चालवणे म्हणजे रिस्टोअर. लिनक्सवरचा कंटेनर हा मुळात एका किंवा अनेक प्रोसेसचा गट असतो. नेमस्पेसमुळे त्या गटाला आपले वेगळे फाइल-जग, नेटवर्क आणि प्रोसेस-क्रमांक दिसतात. सीग्रुपमुळे मेमरी आणि प्रोसेसरचा त्याचा वाटा ठरतो. मेमरीची पाने, रजिस्टर, थ्रेड, सिग्नल, टायमर, उघड्या फाइलींची यादी या गोष्टी कंटेनरच्या आतल्या आहेत. त्या टिपणे किचकट असले तरी त्यात काही अनिश्चित नसते, कारण सगळी माहिती एकाच कर्नलच्या हातात असते.

अडचण येते ती ज्या गोष्टींचे एक टोक आत आणि दुसरे बाहेर असते त्यांची. कंटेनरच्या लॉगचा पाइप कंटेनर चालवणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे रनटाइमकडे जातो, डेटाचे फोल्डर यजमान संगणकावरून जोडलेले असते, डेटाबेसशी चालू असलेले टीसीपी कनेक्शन दुसऱ्या यंत्रावर संपते आणि जीपीयूमधली अवस्था ड्रायव्हरच्या ताब्यात असते. यांनाच येथे बाह्य संसाधने म्हटले आहे. माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडी जंक्शनवर १८९७ पासून बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन ब्रॉडगेजला येऊन मिळत असे. डबा कितीही नीट भरलेला असला, तरी पलीकडचे रूळ वेगळ्या मापाचे असल्याने माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. कंटेनरचीही अडचण डब्यातल्या मालाची नसून रुळांची आहे.

या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, कारण चेकपॉइंट घेण्यामागचे हेतू वेगवेगळे असतात. कंटेनर चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर हलवायचा असेल, तर जुनी कनेक्शने टिकली पाहिजेत. सावकाश सुरू होणारा प्रोग्रॅम झटपट उभा करण्यासाठी एकाच चेकपॉइंटवरून अनेक प्रती काढायच्या असतील, तर तीच कनेक्शने टिकणे धोक्याचे ठरते. घुसखोरीच्या तपासासाठी प्रत घेतली असेल, तर ती बाहेरच्या जगाशी जोडली जाऊच नये अशी अपेक्षा असते. यंत्र बंद पडल्यावर जुन्या अवस्थेवरून काम पुढे न्यायचे असेल, तर बाहेरचे जग तोवर पुढे गेलेले असते. या क्षेत्रातले बहुतेक मतभेद साधनांच्या गुणदोषांपेक्षा हेतूंच्या या फरकातून आलेले आहेत.

पार्श्वभूमी

प्रोसेसची अवस्था साठवण्याची कल्पना कंटेनरच्या आधीची आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कॉन्डोर प्रकल्पात रिकाम्या संगणकांवर चालणारी कामे चेकपॉइंट घेऊन दुसरीकडे हलवली जात. अनेक यंत्रांवर पसरलेल्या कामाची सुसंगत नोंद कशी घ्यावी, याचा पाया के. मणी चांडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ च्या शोधनिबंधात घातला. कोलंबिया विद्यापीठातल्या झॅप या प्रणालीने २००२ मध्ये प्रोसेसच्या गटाला आपली स्वतंत्र नावे देऊन तो गट यजमानापासून सुटा करण्याचा मार्ग दाखवला. आजच्या नेमस्पेसची कल्पना त्याच्या जवळची आहे. बर्कली प्रयोगशाळेचे बीएलसीआर हे कर्नल मॉड्यूल महासंगणकांवर बराच काळ वापरात होते. सॉकेट साठवण्याची जबाबदारी त्याने घेतली नव्हती. चेकपॉइंटपूर्वी यंत्रांमधले संदेश हाताळणाऱ्या एमपीआय लायब्ररीने कनेक्शने मिटवावीत आणि नंतर पुन्हा उघडावीत, अशी त्याची कामाची वाटणी होती. बाह्य संसाधनांचा प्रश्न तेव्हाही होताच. तो वरच्या थराकडे सोपवलेला होता एवढेच.

ओपनव्हीझेडने २००६ मध्ये आपल्या बदललेल्या कर्नलमधून चालू कंटेनरचे स्थलांतर शक्य केले. मूळ लिनक्स कर्नलमध्ये मात्र ही सोय आली नव्हती. २००८ ते २०१० या काळात ओरेन लादान यांनी सगळी यंत्रणा कर्नलमध्येच बसवणारे बदल मांडले. कर्नलच्या जवळजवळ प्रत्येक भागाला हात लावणारा एवढा मोठा बदल स्वीकारला गेला नाही. २०११ मध्ये पावेल एमेल्यानोव यांनी उलटा रस्ता सुचवला: बहुतेक काम कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमने करावे आणि जिथे माहिती मिळतच नाही तिथेच कर्नलने छोटी खिडकी उघडावी. या मार्गाविषयीही शंका होत्या. म्हणून हे बदल वेगळ्या कर्नल-पर्यायाखाली ठेवले गेले, म्हणजे प्रकल्प फसला तर ते काढून टाकता यावेत. त्यांचा पहिला संच २०१२ च्या ३.३ कर्नलमध्ये आला. त्यातून उभ्या राहिलेल्या क्रियू या साधनाची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये निघाली. रनसी, पॉडमन आणि एलएक्ससी या कंटेनर-साधनांची चेकपॉइंटची सोय आज क्रियूवरच उभी आहे.

बाह्य संसाधनांचे प्रकार

पहिला प्रकार फाइली आणि माउंट यांचा. क्रियू साधारणपणे फाइलीतला मजकूर साठवत नाही. फाइलीचा मार्ग, उघडण्याची रीत आणि वाचन कुठवर आले आहे एवढेच टिपते. रिस्टोअरच्या जागी तीच फाइल त्याच मार्गावर असेल हे गृहीत धरलेले असते. उघडी असतानाच पुसून टाकलेली फाइल हा त्यातला अपवाद. तिला नाव उरलेले नसल्याने तिचा मजकूर चेकपॉइंटच्या फाइलींत, म्हणजे इमेजमध्येच ठेवावा लागतो आणि त्यासाठी आकाराची मर्यादा घातलेली असते. रिस्टोअरच्या वेळी फाइलीचा आकार तपासला जातो आणि प्रोग्रॅम किंवा लायब्ररीच्या फाइलीसाठी तिचा बिल्ड-क्रमांकही पडताळता येतो. आकार तोच पण मजकूर निराळा असलेली डेटा फाइल मात्र या तपासणीतून निसटते. यजमानाचे फोल्डर कंटेनरमध्ये बाइंड माउंट केले असेल, तर त्याचे मूळ कंटेनरच्या माउंट-नेमस्पेसच्या बाहेर असते. त्यामुळे ते बाह्य आहे असे स्पष्ट सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

दुसरा प्रकार पाइप, टर्मिनल आणि युनिक्स सॉकेट यांचा. पाइपची दोन्ही टोके कंटेनरमध्येच असतील तर त्यातला न वाचलेला मजकूरही साठवता येतो. एक टोक बाहेर असेल तर रिस्टोअरच्या वेळी नवे टोक कोणीतरी हातात द्यावे लागते. बाहेरच्या प्रोसेसशी जोडलेला युनिक्स सॉकेट आढळला तर क्रियू मुळातच थांबते. सिस्टिम लॉगकडे जाणाऱ्या डेटाग्रॅम सॉकेटसाठी सवलत आहे, कारण तिथे प्रत्येक संदेश सुटा असतो आणि पुन्हा त्याच पत्त्यावर जोडून घेतले की भागते. सलग प्रवाहाच्या सॉकेटवर पलीकडचा प्रोसेस संभाषणाच्या मध्यावर असतो; नव्या जोडणीला त्या मध्याची कल्पना नसते.

तिसरा प्रकार टीसीपी कनेक्शनचा. यावर सर्वाधिक काम झाले आहे. २०१२ च्या ३.५ कर्नलमध्ये सॉकेटसाठी 'रिपेअर' नावाची अवस्था आली. सॉकेट या अवस्थेत असताना अनुक्रमांक, न पाठवलेला व पोच न मिळालेला मजकूर आणि दोन्ही बाजूंनी ठरवलेल्या अटी वाचता येतात. सॉकेट बंद केला तरी पलीकडे काही कळवले जात नाही. रिस्टोअरच्या वेळी हीच माहिती नव्या सॉकेटमध्ये भरली की नव्याने हस्तांदोलन न होता कनेक्शन जुळलेले दिसते. मधल्या काळात पलीकडून आलेल्या पॅकेटला यजमान कर्नलने 'असे कनेक्शनच नाही' असे उत्तर देऊ नये, म्हणून फायरवॉलचे नियम लावून ती पॅकेट अडवली जातात. अडवलेली पॅकेट वाया जात नाहीत, कारण पलीकडची बाजू ती पुन्हा पाठवते.

या युक्तीला तीन अटी आहेत. नव्या जागी आयपी पत्ता तोच असला पाहिजे. जुन्या जागेची प्रत गप्प राहिली पाहिजे. आणि मधला काळ पलीकडच्या सहनशक्तीत बसला पाहिजे. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत पोच न मिळालेला मजकूर साधारण पंधरा मिनिटे पुन्हा पुन्हा पाठवला जातो आणि मग कनेक्शन सोडले जाते. वाटेतल्या राउटर-फायरवॉलची स्मृती त्याहूनही कमी असू शकते. त्यामुळे काही सेकंदांच्या स्थलांतरासाठी हा मार्ग चालतो, आठवड्याने केलेल्या रिस्टोअरसाठी चालत नाही. तशा वेळी कनेक्शने बंद अवस्थेत उभी करण्याचा पर्याय क्रियूमध्ये आहे. प्रोग्रॅमला कनेक्शन तुटल्याची चूक मिळते आणि पुढचे त्याने पाहावे, अशी अपेक्षा असते.

चौथा प्रकार उपकरणांचा. रिकामे उपकरण, शून्य-उपकरण यांसारखी अवस्था नसलेली साधी उपकरणे सहज हाताळता येतात. ज्यांच्या ड्रायव्हरमध्ये अवस्था साठलेली असते ती कर्नलच्या सामान्य खिडक्यांतून दिसत नाहीत. जीपीयू आणि दुसऱ्या यंत्राची मेमरी थेट वाचू देणारी आरडीएमए नेटवर्क-कार्डे यांत मोडतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पाचवा प्रकार ओळख आणि काळ यांचा. प्रोसेस-क्रमांक बदलला तर प्रोग्रॅमच्या मेमरीत साठलेला जुना क्रमांक खोटा ठरतो. म्हणून ठरावीक क्रमांकाने प्रोसेस सुरू करण्याची सोय कर्नलमध्ये करावी लागली. यंत्र सुरू झाल्यापासून मोजले जाणारे घड्याळ दुसऱ्या यंत्रावर मागे असू शकते आणि कधीही मागे न जाणाऱ्या घड्याळावर विसंबलेला प्रोग्रॅम त्यामुळे बिघडतो. २०२० च्या ५.६ कर्नलमध्ये आलेल्या टाइम नेमस्पेसने हे अंतर भरून काढता येते. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ मात्र त्या नेमस्पेसमध्ये येत नाही. त्यामुळे मुदत संपलेले टोकन किंवा प्रमाणपत्र रिस्टोअरनंतर संपलेलेच राहते.

मांडल्या जाणाऱ्या चार भूमिका

पहिली भूमिका नकाराची. जे हुबेहूब उभे करता येणार नाही ते आढळताच चेकपॉइंट थांबवावा. क्रियूची मूळ वृत्ती हीच आहे. चुकीची अवस्था शांतपणे उभी राहण्यापेक्षा स्पष्ट अपयश बरे, कारण डेटा बिघडल्याचे फार उशिरा कळते, असा यामागचा युक्तिवाद आहे. यावरचा आक्षेप व्यवहाराचा आहे. एका किरकोळ सॉकेटपायी कित्येक गिगाबाइट मेमरीचे काम अडते आणि वापरणारा कंटाळून ते साधनच सोडून देतो.

दुसरी भूमिका जाहीर करून जोडण्याची. चेकपॉइंटच्या वेळी एखाद्या माउंटला, फाइलीला, टर्मिनलला किंवा नेटवर्क नेमस्पेसला खूणनाव द्यायचे. इमेजमध्ये वस्तूऐवजी फक्त ते नाव जाते. रिस्टोअर करणाऱ्याने त्या नावासमोर खरी वस्तू हजर करायची. उघडा फाइल-डिस्क्रिप्टर थेट हातात देण्याचीही सोय आहे. ठरावीक टप्प्यांवर बाहेरची स्क्रिप्ट चालवता येते आणि क्रियूला न समजणाऱ्या वस्तूसाठी प्लगइन लिहिता येते. यंत्रणा आणि धोरण यांची फारकत हा या भूमिकेचा गुण मानला जातो: जोडायचे कसे हे क्रियूला माहीत असते, काय जोडायचे हे बोलावणारा ठरवतो. तिची मर्यादाही त्यातच आहे. बोलावणाऱ्याला प्रत्येक वस्तू ठाऊक असावी लागते आणि त्याने दिलेली वस्तू पूर्वीच्या वस्तूशी अर्थाने जुळते की नाही, याची खात्री कोणी करत नाही.

तिसरी भूमिका प्रोग्रॅमच्या सहकार्याची. जावासाठीच्या क्रॅक प्रकल्पात चेकपॉइंटपूर्वी आणि रिस्टोअरनंतर चालणारी फंक्शने प्रोग्रॅमने नोंदवायची असतात. पहिल्यात फाइली आणि सॉकेट मिटवायचे, दुसऱ्यात पुन्हा उघडायचे. काही उघडे राहिले तर चेकपॉइंट नाकारला जातो आणि नेमके काय उघडे राहिले ते सांगितले जाते. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये लॅम्डासाठी आणलेल्या स्नॅपस्टार्टने याच पद्धतीची फंक्शने स्वीकारली. तिथे खाली क्रियू नसून फायरक्रॅकर या हलक्या व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट असतो. आयबीएमच्या ओपन लिबर्टीमधली इन्स्टंटऑन ही सोय क्रियूवर उभी असून चेकपॉइंट शक्यतो कनेक्शने उघडण्याच्या आधीच घेते. या भूमिकेचे समर्थक म्हणतात की कनेक्शनचा अर्थ फक्त प्रोग्रॅमलाच कळतो. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, यात पारदर्शकता जाते. जुने किंवा दुसऱ्याने लिहिलेले प्रोग्रॅम आणि त्यांच्या पोटातल्या लायब्ऱ्या कोणी बदलायच्या, हा प्रश्न उरतो.

चौथी भूमिका सीमा रुंदावण्याची. जे बाहेर आहे ते आत घ्यावे, म्हणजे प्रश्न लहान होतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नलसह सगळेच साठवले जाते. गूगलने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या जीव्हायझरमध्ये कंटेनरसाठी वापरकर्त्याच्या पातळीवरचा स्वतंत्र कर्नल चालतो. त्यामुळे सॉकेट आणि पाइप यांची अवस्था त्याच्याच मेमरीत असते. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले डीएमटीसीपी प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यामध्ये बसते, खऱ्या क्रमांकांऐवजी आभासी क्रमांक दाखवते आणि अनेक यंत्रांवरच्या प्रोसेसचा एकत्र चेकपॉइंट घेते. या सगळ्यांची किंमत वेगाच्या किंवा जागेच्या रूपाने मोजावी लागते. शिवाय सीमा कितीही रुंदावली तरी तिच्याबाहेर काहीतरी राहतेच. निदान दूरची सेवा तरी.

प्रत्यक्षात या भूमिका एकमेकींना वगळत नाहीत. क्रियू नकारापासून सुरुवात करते, जाहीर केलेल्या वस्तूंपुरती सवलत देते आणि तुटलेली कनेक्शने प्रोग्रॅमच्या समजुतीवर सोडते.

रनटाइम आणि कुबरनेटिस

कंटेनर वापरणारे बहुतेक लोक क्रियूला थेट बोलावत नाहीत. कोणती वस्तू बाह्य हे ठरवण्याचे काम त्यामुळे रनटाइमवर येते. रनसीला कंटेनरच्या मांडणीतून बाइंड माउंट माहीत असतात. तो त्यांना बाह्य म्हणून जाहीर करतो आणि रिस्टोअरच्या वेळी नव्या मांडणीतला मार्ग जोडतो. पहिली तीन डिस्क्रिप्टर, म्हणजे इनपुट, आउटपुट आणि चुकांचा प्रवाह, चेकपॉइंटच्या वेळी कुठे जोडलेली होती याची वेगळी नोंद तो ठेवतो आणि त्यांच्या जागी नवे पाइप देतो. कंटेनरचे नेटवर्क नेमस्पेस बाहेरून दिलेले असेल तर तेही बाह्य ठरते: पत्ता आणि इंटरफेस तयार करण्याचे काम नेटवर्क प्लगइनचे, क्रियूचे नव्हे.

पॉडमनमध्ये २०१८ पासून ही सोय आहे आणि तिथे निवड वापरणाऱ्यासमोर ठेवलेली असते. टीसीपी कनेक्शने चालू असतील तर तसे सांगितल्याशिवाय चेकपॉइंट होत नाही. निर्यात केलेल्या संग्रहात व्हॉल्यूमचा, म्हणजे जोडलेल्या डेटा-साठ्याचा, मजकूर घ्यायचा की नाही हे सांगता येते. एकाच चेकपॉइंटवरून अनेक प्रती काढताना स्थिर आयपी आणि मॅक पत्ता सोडून देता येतो. डॉकरमध्ये २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून चेकपॉइंट आहे, पण प्रायोगिक म्हणून.

अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये ही सोय ऑगस्ट २०२२ च्या १.२५ आवृत्तीत प्राथमिक स्वरूपात आली आणि एप्रिल २०२४ च्या १.३० आवृत्तीत बीटा झाली. तिचा घोषित हेतू तपासाचा होता: संशयित कंटेनर न थांबवता त्याची प्रत काढावी आणि वेगळ्या जागी तपासावी. या मर्यादित हेतूमुळे बाह्य संसाधनांचे बरेच प्रश्न बाजूला ठेवता आले. चेकपॉइंट एका कंटेनरचा असतो, संपूर्ण पॉडचा, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाचा नाही. पॉडचा आयपी, इतर कंटेनर आणि व्हॉल्यूम त्यात येत नाहीत. रिस्टोअरसाठी संग्रहाची कंटेनर-इमेज बनवून ती नव्या पॉडमध्ये चालवावी लागते आणि सेवा-खात्याचे टोकन, नावांच्या फाइली, गुपिते हे सारे नव्या पॉडचे असते. जुन्या मेमरीत जुनी गुपिते आणि बाहेर नवी, अशी दुहेरी अवस्था त्यातून तयार होते. संग्रहात मेमरीची सगळी पाने असल्याने पासवर्ड आणि खासगी चाव्याही त्यात येतात. म्हणून तो फक्त प्रशासकाला वाचता येईल असा ठेवला जातो.

जीपीयू आणि वेगवान नेटवर्क

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांमुळे या प्रश्नाला नवे आर्थिक वजन आले. महागडा जीपीयू एका कामाकडून काढून दुसऱ्याला देता यावा आणि मोठे मॉडेल मेमरीत भरण्याचा वेळ वाचावा, अशी मागणी वाढली. उत्पादकांनी दोन वेगळे मार्ग घेतले आहेत. एएमडीने २०२२ मध्ये आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये चेकपॉइंटची सोय करून क्रियूसाठी प्लगइन दिले. ते जीपीयूच्या मेमरीतला मजकूर आणि कामाच्या रांगा टिपून दुसऱ्या जुळणाऱ्या जीपीयूवर उभ्या करते. एनव्हिडियाने २०२४ मध्ये कुडा-चेकपॉइंट हे साधन आणले. ते आधी चालू काम पूर्ण होऊ देते, जीपीयूची मेमरी यजमानाच्या मेमरीत आणते आणि जीपीयू सोडून देते. त्यानंतर क्रियूसमोर उरतो तो जीपीयू न वापरणारा साधा प्रोसेस. सप्टेंबर २०२४ च्या क्रियू ४.० मध्ये यासाठीचे प्लगइन आले.

पहिला मार्ग बाह्य अवस्था वाचतो. दुसरा ती आत ओढून घेतो. दोन्ही मार्ग उत्पादकावर अवलंबून आहेत. सुरुवातीच्या आवृत्तीत एनव्हिडियाच्या साधनाला प्रोसेसमध्ये वाटून घेतलेली जीपीयू-मेमरी हाताळता येत नव्हती. अनेक जीपीयूंवर पसरलेल्या कामात हा अडथळा महत्त्वाचा ठरतो.

इन्फिनिबँडसारख्या आरडीएमए नेटवर्कची स्थिती याहून अवघड आहे. तिथे कनेक्शनची अवस्था कर्नलऐवजी कार्डामध्ये असते आणि मेमरी वाचण्याच्या चाव्या पलीकडच्या यंत्राकडे दिलेल्या असतात. क्रियूमध्ये यावर सर्वसाधारण उपाय नाही. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या मायग्रोएसने नेटवर्कच्या नियमावलीत छोटा बदल सुचवला, म्हणजे स्थलांतर चालू असताना पलीकडची बाजू थांबून राहील. २०१९ च्या माना या साधनाने उलटा मार्ग घेतला: एमपीआय लायब्ररी आणि नेटवर्कचा भाग साठवायचाच नाही, फक्त प्रोग्रॅमचा भाग साठवायचा आणि रिस्टोअरच्या वेळी त्याच्याखाली नवी लायब्ररी घालायची.

महाराष्ट्रातील संगणन आणि जुना पर्याय

महाराष्ट्रात या प्रश्नाची व्याप्ती मुख्यतः पुण्यातल्या महासंगणकांवरच्या कामांतून लक्षात येते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. सी-डॅकचाच परम सिद्धी-एआय हा जीपीयूंवर आधारलेला महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा अर्का कार्यान्वित झाला. २०२५ मध्ये सादर झालेली ६ किलोमीटर जाळीची भारत फोरकास्ट सिस्टिम अर्कावर चालते.

हवामानाची मॉडेले क्रियूसारख्या साधनांची वाट पाहत थांबली नाहीत. तापमान, वारा, आर्द्रता यांची त्रिमितीय आकडेवारी ती ठरावीक अंतराने रिस्टार्ट फाइलींत लिहितात आणि काम तुटले तर त्यावरून नव्याने सुरू होतात. या मार्गात बाह्य संसाधनांचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, कारण प्रोग्रॅम दर वेळी सगळी कनेक्शने आणि फाइली नव्यानेच उघडतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलला शिकवताना वजने ठरावीक टप्प्यांवर साठवण्याची रीतही हीच. त्याची किंमत म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोणती माहिती पुरेशी आहे हे आधी ठरवावे लागते आणि दोन नोंदींच्या मधले काम वाया जाते. पारदर्शक चेकपॉइंटचे समर्थकही मान्य करतात की, जिथे प्रोग्रॅमची स्वतःची नोंद चांगली आहे तिथे ती लहान आणि टिकाऊ असते.

सगळीच कामे मात्र अशी पुन्हा सुरू करता येत नाहीत. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणारा सिग्नल सतत वाहत असतो. पुण्यात जीएमआरटीसाठी दिलेला परम रुद्र महासंगणक क्षणभंगुर रेडिओ स्फोटांच्या अभ्यासासाठी आहे. अशा प्रवाहावर थेट काम करणारा प्रोग्रॅम गोठवला तर मधला सिग्नल परत मागवता येत नाही. टीसीपीमध्ये पलीकडची बाजू पुन्हा पाठवते. अवकाश पाठवत नाही. इथे उपाय चेकपॉइंटच्या साधनात नसून प्रवाह मध्ये साठवून ठेवणाऱ्या व्यवस्थेत शोधावा लागतो.

अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न माहिती कोणाकडे आहे याचा. व्हॉल्यूम आणि पत्ते कुबरनेटिसला माहीत असतात, डिस्क्रिप्टर आणि माउंट रनटाइमला, कनेक्शनचा अर्थ प्रोग्रॅमला. 'हे माझे बाह्य संसाधन आहे, ते असे परत जोड' हे या सर्व थरांतून सांगण्याची एक सर्वमान्य भाषा अजून नाही. क्रियूची खूणनावे खालच्या थरापुरती आहेत.

दुसरा प्रश्न साठवणीच्या सुसंगतीचा. मेमरीची प्रत आणि व्हॉल्यूमची प्रत एकाच क्षणाची असावी लागते. मेमरी जुन्या क्षणाची आणि डेटाबेसची फाइल पुढे गेलेली असेल, तर प्रोग्रॅमच्या समजुती खोट्या ठरतात. कुबरनेटिसमध्ये व्हॉल्यूम-स्नॅपशॉट २०२० पासून स्थिर आहे, पण ती चेकपॉइंटपासून वेगळी क्रिया आहे. अनेक कंटेनरांचा एकत्र चेकपॉइंट घेताना हीच अडचण वाढते. चांडी-लॅम्पोर्ट यांचा मार्ग उपलब्ध असला तरी त्यासाठी सर्व सहभागी एकाच नियंत्रणाखाली असावे लागतात.

तिसरा प्रश्न बाहेर गेलेल्या परिणामांचा. यूपीआय व्यवहार हाताळणाऱ्या एखाद्या कंटेनरने खात्यातून रक्कम वजा करण्याची विनंती पाठवली आणि नंतर त्याला त्याआधीच्या चेकपॉइंटवर परत नेले, तर तो तीच विनंती पुन्हा पाठवू शकतो. व्यवहार-क्रमांक चेकपॉइंटपूर्वी ठरलेला असेल तर पलीकडची बाजू दुबार विनंती ओळखते. चेकपॉइंटनंतर तयार होत असेल तर ती नवी विनंती समजली जाते. बाहेर पाठवलेली गोष्ट मागे घेता येत नाही, हा प्रश्न वितरित संगणनात जुना आहे. त्याचे उत्तर चेकपॉइंटच्या साधनात नसून सेवांच्या आखणीत आहे, यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

चौथा प्रश्न वेगळेपणाचा आणि गुपितांचा. एका चेकपॉइंटवरून दहा प्रती निघाल्या तर दहाही प्रतींतल्या यादृच्छिक संख्या-जनकाची अवस्था एकच असते. व्हर्च्युअल मशीनसाठी यावर पिढी-क्रमांकाचा उपाय आहे. प्रत बदलली हे पाहुण्या कर्नलला त्यातून कळते आणि लिनक्समध्ये तो २०२२ च्या ५.१८ कर्नलपासून आहे. साध्या कंटेनरमधल्या प्रोग्रॅमला आपण प्रत आहोत हे कळण्याचा असा सार्वत्रिक मार्ग नाही. मेमरीतली गुपिते इमेजमध्ये जातात, त्यासाठी इमेज कूटबद्ध करणे हा आंशिक उपाय आहे.

पाचवा प्रश्न अधिकारांचा. बाह्य वस्तू जोडून देण्याचा अधिकार हा पुष्कळदा सीमा ओलांडण्याचाच अधिकार असतो. २०२० च्या ५.९ कर्नलमध्ये चेकपॉइंट-रिस्टोअरसाठी वेगळी, मर्यादित परवानगी आली. तरी नेटवर्क अडवणे, माउंट करणे आणि उपकरणे जोडणे यांसाठी त्यापलीकडचे अधिकार लागतातच.

या आढाव्यातून क्षेत्राची स्थिती पुरेशी स्पष्ट होते. कर्नलच्या हातात असलेल्या संसाधनांसाठी, म्हणजे फाइली, माउंट, पाइप आणि अल्पकाळाचे टीसीपी कनेक्शन यांसाठी, यंत्रणा तयार आहे आणि वाद उरला आहे तो धोरण कोणी ठरवायचे एवढाच. ड्रायव्हरच्या हातातल्या संसाधनांसाठी उपाय उत्पादकागणिक वेगळे आहेत. दूरच्या सेवांच्या हातात जे आहे, ते साठवता येत नाही. तिथे सुरक्षित पुनर्जोडणी आणि दुबार विनंती ओळखण्याची क्षमता हेच उपाय उरतात आणि त्यांची जबाबदारी प्रोग्रॅम व सेवा लिहिणाऱ्यांवर येते.